नागवेकर सरांचा सकाळचा प्रश्न

आदरणीय श्री. प्रभाकर नागवेकर सरांची आणि माझी पहिली भेट कोलकात्याच्या मैदानावरच्या एका क्रिकेट क्लबच्या तंबूसमोर झाली. बाबांची बदली होऊन आम्ही बेहालाला राहायला आलो, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. दहावीपुढे माझे शिक्षण सरकले नव्हते. वेगवान गोलंदाजी तेवढी येत होती, आणि त्या दिवशी निवड चाचणी होती. सर प्रत्येक मुलापाशी थांबून बंगालीत काहीतरी विचारत होते. माझे आडनाव ऐकल्यावर त्यांनी मराठीत विचारले, "आज कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही, सर."

"मग बस बाजूला."

ही चूक प्रत्येक नवा मुलगा करतो, हे मला नंतर कळले. सरांचे म्हणणे असे, की वेगवान गोलंदाजाला कुठेच दुखत नसेल तर तो खोटे बोलतो आहे किंवा काल त्याने मेहनत केलेली नाही. तेव्हा मात्र मी सीमारेषेबाहेर बसून बाबांना काय सांगायचे याची जुळवाजुळव करत होतो. दुपारी सर माझ्या शेजारी गवतावर येऊन बसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हणालो, "कंबर. डावीकडे, खाली."

"हं. आता आपली ओळख झाली."

त्यांनी माझी निवड केली आणि ते स्वतः मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. कमरेच्या हाडाला बारीक चीर पडू लागली होती. ती वेळेवर सापडली आणि विश्रांतीने भरून आली. पण त्या काळात क्लबच्या सचिवांनी सरांना विचारले, "नागवेकरदा, जो चेंडूच टाकणार नाही त्याला संघात ठेवून काय करू? कँटीनचा स्ट्यू खाऊ घालू?"

"घाला. सोबत टोस्टही द्या. जागा त्याचीच राहील," सर म्हणाले.

जागा राहिली. मी आजही गोलंदाजी करतो.

सरांच्या या आग्रहामागे त्यांचा स्वतःचा खांदा आहे. तरुणपणी ते एका बँकेच्या संघाचे प्रमुख गोलंदाज होते. त्यांच्या चेंडूचा आवाज तंबूत बसून ओळखता येत असे, असे जुने खेळाडू सांगतात. बँकेनेच त्यांना कोकणातून कोलकात्याला आणले. खांदा दुखू लागला तेव्हा त्यांनी तो लपवला, आणि एका मोसमात हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. त्याविषयी ते कुणालाही दोष देत नाहीत. "कुणी विचारलं नाही हे खरं. पण विचारलं असतं तरी मी थाप मारली असती. नोकरीच चेंडूवर होती ना," एवढेच म्हणतात. म्हणून त्यांच्या सरावात दुखणे सांगणाऱ्याची जागा कधीही जात नाही. नियम साधा आहे, पण त्यासाठी ते कित्येक सचिवांशी भांडले आहेत.

गोलंदाज हेरण्याची त्यांची रीतही वेगळी आहे. सियालदहहून लोकल पकडून ते बराकपूरला जातात, न्यू टाउनमधल्या मोकळ्या भूखंडांवर टेनिस बॉलचे सामने बघत उभे राहतात, पण बळी मोजत नाहीत. एकदा बराकपूरहून त्यांनी एक मुलगा आणला. त्या सामन्यात त्याला एकही बळी मिळाला नव्हता. सचिव वैतागले. सर म्हणाले, "याच्या चेंडूंवर झेलामागून झेल सुटले. यानं एकदाही क्षेत्ररक्षकाकडे मान वळवून पाहिलं नाही. गप परत चालत गेला आणि पुढचा चेंडू तिथंच टाकला. बाकीचं मी शिकवीन." तो मुलगा, सुबीर, आज आमच्या संघाची सुरुवातीची षटके टाकतो.

गेल्या हिवाळ्यातली सकाळ सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. अलीकडे आम्हीही सरांना रोज विचारतो, "सर, आज कुठं दुखतंय?" उत्तर ठरलेले असते: "गुडघा." त्या दिवशी ते म्हणाले, "कुठंच नाही." फार पटकन म्हणाले.

सुबीरने चेंडू खाली ठेवला. मी धीर करून म्हणालो, "मग बसा बाजूला, सर."

"मी काय ओव्हर टाकणार आहे? सराव सुरू करा."

कुणीही हलले नाही. सर रागावले, घड्याळाकडे पाहू लागले आणि शेवटी खुर्चीत बसले. "छातीत," ते हळूच म्हणाले. "पहाटेपासून."

इस्पितळाबाहेरच्या बाकावर आम्ही सगळे मातीने माखलेले बूट घालूनच बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "वेळेत आणलंत. आता धोका नाही." हे ऐकून सुबीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मात्र हसल्या. "मला तर लग्न झाल्यापासून 'काही नाही' असंच सांगतात. तुमचा नियम आधी कळला असता, तर रोज बाजूला बसवलं असतं."

सर आता पुन्हा मैदानावर येतात. खुर्ची सावलीत ठेवायची, ही काकूंची अट त्यांनी मान्य केली आहे.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांना दीर्घायुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. त्या शब्दाआधी 'पूर्ण निरोगी' असे लिहायला हात धजत नाही, कारण कुठेच दुखत नाही हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. म्हणून एवढेच मागतो: पुढची पुष्कळ वर्षे आम्ही रोज सकाळी विचारावे, आणि सरांनी थोडे कुरकुरत म्हणावे, "गुडघा."