दिलं म्हणा, घेतलं म्हणा

आमच्या साडूइतका अवघड माणूस म्हैसुरात दुसरा जन्मला नसेल, आणि जन्मला असलाच तर त्याच्या आईबापानं तो वेळीच दत्तक देऊन टाकला असणार. मी शिंपी माणूस, शाळा चौथीपर्यंत. तरी सगळं गाव मला मास्तर म्हणतं, कारण इथं कापड कापणाऱ्यालाही मास्तरच म्हणतात. साडू शिकलेले. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे यजमान. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. जन्मभर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या खटल्यांची गाठोडी सांभाळत बसले, आणि त्यातली त्यांच्या वाट्याला कुठली यावीत, तर महाराजांच्या काळापासूनच्या दत्तकाच्या भांडणांची. खुनाची आली असती तर माणूस निदान गप्प तरी झाला असता.

ऑफिस सुटलं की ते माझ्या दुकानात, म्हणजे आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत, येऊन इस्त्रीच्या टेबलाला टेकायचे आणि सुरू व्हायचे. एक विधवा म्हणते, नवऱ्यानं मरताना सांगितलं म्हणून मी पोरगं मांडीवर घेतलं. दीर म्हणतो, साफ खोटं. मग साक्षीदार येतात. आचारी म्हणतो, केशरीभात मीच केला होता. भटजी म्हणतात, होमाचा धूर डोळ्यांत गेला. न्हावी म्हणतो, गर्दी फार होती. "पण ह्या मांडीवरनं त्या मांडीवर पोरगं जाताना बघितलं कुणी?" असं अण्णा मला दरडावून विचारायचे, जसा काही मीच तिथं पंगतीला होतो. कुणीच बघितलेलं नसायचं. होम झाला, फोटो निघाला, गाव जेवून गेलं, पण जन्मदात्यानं उचलून 'दिला' म्हटलं नाही आणि घेणाऱ्यानं हात पुढं करून 'घेतला' म्हटलं नाही, की सगळा केशरीभात पाण्यात. असली एक कथा ऐकता ऐकता मी एका बँकेच्या साहेबाच्या पँटचे दोन्ही पाय डावेच कापले. अण्णांना त्याचं काही नाही. त्यांना वाईट वाटायचं ते भलत्याच गोष्टीचं. "मास्तर, एवढी गाठोडी सोडली आणि बांधली. घर कुणाला, शेत कुणाला, नारळाची झाडं कुणाला, सगळं लिहिलंय. ते पोरगं रडलं का, हे एकातही नाही."

ह्या वाचनाचा परिणाम असा झाला, की अण्णांकडे वाटीभर साखर मागायला जाणं म्हणजे खटला चालवणं. ते वाटी पुढं करणार, "दिली" म्हणणार, आणि आपण "घेतली" म्हणेपर्यंत वाटी सोडणार नाहीत. शिवाय बघायला तिसरा माणूस हवा. घरात आमची मराठी, पण शेजार सगळा कन्नड, म्हणून उंबऱ्याबाहेर हेच 'कोट्टे' आणि 'तगोंडे' व्हायचं. दूधवाला सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच 'कोट्टे कोट्टे' करत यायचा. नंजनगूडच्या बसमध्ये ह्यांनी कंडक्टरच्या हातावर भाडं ठेवून "कोट्टे" म्हटलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले. कंडक्टरला वाटलं, म्हातारा पैसे परत मागतोय. लेकीच्या लग्नात तर कन्यादान झालं, वाजंत्री वाजून थांबली, तरी हे व्याह्यांसमोर उभेच. घेतली म्हणा. व्याह्यांनी हसून मान हलवली. मान नको, तोंडानं म्हणा. अक्का मागनं उपरणं ओढतेय, वऱ्हाड उपाशी, आणि व्याही बिचारे सभ्य, त्यांना वाटलं ही आमच्यातली काही रीत असेल. त्यांनी मांडव घुमेल असं "घेतली" म्हटलं तेव्हा कुठं पानं मांडली.

आमच्या घरी मांजर आलं तेसुद्धा असंच. आम्हाला मूलबाळ झालं नाही. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, शेजारच्या जयम्माचं पिल्लू आवडलं. घेऊन जा म्हणाली जयम्मा, सुम्ने, म्हणजे असंच, काही न करता. अण्णा म्हणाले, सुम्ने कसं? हिला पाटावर बसवली, जयम्माला समोर. कोट्टे झालं, तगोंडे झालं, साखर वाटली. पिल्लानं अण्णांना ओरबाडलं आणि भिंतीवरनं उडी मारून जयम्माकडं दूध प्यायला गेलं. अण्णा त्याच्या मागोमाग भिंतीपाशी जाऊन समजावू लागले, की दत्तक गेलेल्याचा जन्मघरच्या चुलीवर हक्क उरत नाही. मांजर दोन्हीकडं जेवून डेरेदार झालं. ही हसून हसून पाटावरच आडवी झाली. तिचं ते हसणं ऐकायला मी त्या मांजराला दहा घरी दत्तक दिलं असतं.

ही गेली त्याला आता वर्ष होत आलं. मी गोड बोलणारा माणूस नाही. तेरावं झाल्यावर सगळ्यांना तोंडावर सांगून टाकलं, आजपासून मी कुणाचा नाही आणि माझं कुणी नाही, चौकशीला येऊ नका. भूक लागली तर बनपाव खाईन, नाही लागली तर सुटलो. दसऱ्याला सगळी गल्ली बन्नीमंटपाच्या मैदानावर मशाली बघायला गेली, मी कडी लावून बसलो. लोक ऐकतात हो. खरंच यायचे थांबले. एक अण्णा सोडून.

ते रोज डबा घेऊन यायचे. गुडघे गेलेले, तरी चालत. डबा पुढं करून म्हणायचे, दिला. मी शिलाई चालूच ठेवायचो. थोडा वेळ डबा मांडीवर घेऊन बसायचे, मग मशीनच्या फळीवर ठेवून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी तसाच भरलेला डबा उचलून त्या जागी नवा ठेवायचे. त्या 'दिला'पलीकडं एक शब्द नाही. ज्या माणसानं मला आयुष्यभर बोलून पिळलं तो गप्प बसला, हे मला सहन होईना. एक दिवस मशीन थांबवलं आणि म्हणालो, "अण्णा, रोज कशाला मरायला येता? मी काय तुमचं दत्तक पोर आहे?"

"हो," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मी गोळ्या आणायला खाली गेलो होतो. हिनं त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "हे तुम्हाला दिले, अण्णा. घेतले म्हणा." अण्णा म्हणाले, घेतले. मोठ्यानं म्हणा म्हणाली. मोठ्यानं म्हणाले.

मी बराच वेळ सुई ओवत राहिलो. ओवली जाईना. मग विचारलं, "बघायला कोण होतं?"

"कुणी नव्हतं. अक्कासुद्धा डॉक्टरकडं गेलेली."

"मग टिकत नाही. तुम्हीच सांगता ना जन्मभर."

"नाही टिकत," अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "पहिल्याच तारखेला उडेल. पण साक्षीदार नसला, मास्तर, की कोर्ट दुसरी गोष्ट बघतं. त्यानंतर त्या पोराला जेवायला कोण घालत होतं."

गुडघे धरून उठले आणि डबा पुढं केला. मी हात पुढं केला. तगोंडे, म्हणालो. डबा सोडेनात. मोठ्यानं म्हणा, जयम्माला ऐकू गेलं पाहिजे. म्हणालो मोठ्यानं. पलीकडनं जयम्मानं एनायतु, काय झालं, म्हणून हाक दिली, आणि ते डेरेदार मांजर भिंतीवर येऊन बसलं.

डबा गरम होता. बिसीबेळे भात, अक्काच्या हातचा. हिच्याही हाताला हीच चव होती, एकाच आईकडनं शिकलेल्या दोघी. मला न विचारता परस्पर देऊन गेली ह्याचा राग मला आहे, अजून आहे. पण दत्तकात पोराला विचारतं कोण. त्याला उचलतात, दुसऱ्या मांडीवर ठेवतात, समोर पान मांडतात. ते रडलं का, हे कागदात कुठं लिहीत नाहीत, म्हणून मीही इथं लिहीत नाही.