आप्पांच्या गच्चीवर डिशची जागा

रविवारी कंधारला गेले होते... आप्पांच्या घरी नवीन डिश बसवायला. बसवणार आमच्या गल्लीतला सलीमभाई, माझं काम फक्त जागा ठरवायचं. आल्यापासून अंग असं मोडून आलंय, जणू स्लॅब मीच टाकला.

आठवडाभर नांदेडला हॉस्पिटलची ड्युटी. एक रविवार मिळतो, तोही असा जातो. आमचे धाकटे बंधू महेश पुण्यात असतात. फोनवर म्हणतात, "अक्का, तूच बघ ना गं." बघते बाबा. अक्काला दुसरं काम काय आहे!

तर झालं असं... मागच्या आठवड्यात वादळ आलं आणि जुनी डिश उलटी होऊन विजेच्या तारेवर लटकली. खांबावरून येणारी तार आमच्या गच्चीच्या कोपऱ्याला अगदी चिकटून जाते. नशीब, तेव्हा लाईट गेलेली होती. लाईनमनला बोलावून, लाईन बंद ठेवून मग ती खाली काढली. तेवढी तरी अक्कल घरात कुणाला सुचली.

आता ती डिश तिथं गेलीच कशी, तर ऐका. आमच्याकडं घर बांधलं की पिलरच्या सळया वर तशाच सोडतात, पुढंमागं दुसरा मजला चढवायचा म्हणून. तुमच्याकडंही असतीलच. आप्पांनी कोपऱ्यातल्या सळयांना बाइंडिंगच्या तारेनं डिश बांधून टाकली होती. एका बाजूला कठडा नाही, दुसऱ्या बाजूला हातभरावर करंट.

आणि टीव्हीवरचं चित्र अडकलं की आप्पा स्वतः वर जाणार! सत्तरी उलटली, गुडघे धरलेत, पण रोज संध्याकाळी हे डिश हलवायला गच्चीवर. खालून आई ओरडणार, "आलं... गेलं... जरा मागं घ्या..." ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणी ट्रक रिव्हर्स घेऊन राहिलंय. आम्ही हसायचो. वादळानंतर मात्र मला झोप लागेना.

म्हणून ठरवूनच गेले होते. डिश तारेपासून लांब पाहिजे, कडेपासून लांब पाहिजे, सिग्नलसाठी दक्षिणेकडचं आभाळ मोकळं पाहिजे आणि खाली पक्के बोल्ट पाहिजेत. बाकी काही ऐकून घेणार नाही.

वर जाऊन बघितलं तर अशी जागा एकच. जिना चढून आलं की समोर, गच्चीच्या मधोमध. शेजारचं लिंबाचं झाडही तिथं आडवं येत नाही. मी म्हटलं, झालं काम!

कसलं काय... आप्पा म्हणाले, "मधी न्हाई." का? तर स्लॅब गळंल. सलीमभाई म्हणाला, भोकात केमिकल भरून देतो, थेंब गळणार नाही. मग म्हणे पाणी तुंबंल. मग म्हणे तुझ्या आईनं पापड कुठं वाळवावेत. मी सलीमभाईकडं बघितलं, तर तो म्हणतो, "ताई, आपलं काय, काका म्हणतील तिथं बांधतो." अरे भल्या माणसा, काका म्हणतात तिथंच तर तार आहे!

शेवटी आप्पा चिडून म्हणाले, "अगं, तिथं महेशची खोली हाय."

हाय, म्हणाले. व्हायची हाय, असंसुद्धा नाही.

माझं डोकंच फिरलं. "कुठंय खोली, आप्पा? मला तर काहीच दिसत नाही. तारेला हात लागला तर महेश येणार आहे का उचलायला?" सलीमभाई ड्रिलची वायर सोडवत बसला. बोलून गेल्यावर माझंच मला कसंतरी झालं.

आई जिन्यात उभी होती. तिथूनच हळू आवाजात म्हणाली, "अहो, त्यानं तिकडं फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आपुन जेवून आलो न्हाई का? बसवू द्या पोरीला."

आप्पांनी चपला काढल्या आणि त्या मोकळ्या स्लॅबवर अनवाणी चालायला लागले. "हितं दार... हितं खिडकी, वारं यावं म्हणून... हितं पलंग." सलीमभाईला म्हणाले, "खिडकीपुढं नगं. भिंतीला लागून घे."

भिंत कुठली... पण सलीमभाईनं एक अक्षर विचारलं नाही. आप्पांनी बोट दाखवलं तिथंच खुणा केल्या, भोकं पाडली, बोल्ट कसले. देव त्याचं भलं करो.

परतीच्या बसमध्ये बसले तोच आप्पांचा फोन आला. राग नव्हता आवाजात. "चित्र लई झकास येऊन राहिलंय गं. वारं सुटलं तरी हलंना. आता वर जायचं कामच न्हाई उरलं."

मला हेच तर पाहिजे होतं ना? आप्पांनी त्या कोपऱ्यात जाऊ नये, एवढ्यासाठीच तर सगळा आटापिटा केला. मग बसमध्ये रडू का यावं... आप्पा रोज संध्याकाळी वर जायचे ते नुसती डिश हलवायला नसणार, हे मला तेव्हा समजलं.

आप्पा सुखरूप आहेत, त्याबद्दल देवाचे आभार. दमलेय खूप, पण पुढच्या रविवारी परत जाणार आहे. आईला चहा टाकायला सांगेन, आप्पांचा हात धरून वर नेईन, आणि आम्ही तिघं तिथंच बसून पिऊ... महेशच्या खोलीत.