कधीच उधार न घेतलेल्या माणसाचा व्याजदर

गुणवंतराव मेश्रामांनी चोपन्न वर्षांच्या आयुष्यात कुणाचं काही उसनं घेतलं नव्हतं, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस आर. के. पुरमच्या त्या सरकारी वसाहतीत शोधूनही सापडला नसता. ते स्वतःच सांगत. लग्नात, बारशाला, कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या सदनात जेवायला बसले की शेजारच्या ताटाला.

हे वळण वडिलांचं. वडील वर्ध्याला टपालखात्यात पत्रांची विभागणी करायचे. वाण्याकडे त्यांचं खातं नव्हतं. महिनाअखेरीला साखर संपली की चहा गुळाचा व्हायचा. गूळही संपला की चहा व्हायचा नाही. त्या घरात कुणी त्याबद्दल कुरकुर केल्याची नोंद नाही. गुणवंतराव त्याच वळणावर दिल्लीला आले, एका मंत्रालयात साहाय्यक म्हणून लागले आणि चढत चढत अवर सचिव झाले. स्कूटर घेतली ती रोख. मुलीच्या, सलोनीच्या, कॉलेजची फी रोख. भविष्य निर्वाह निधीतून एकदा अग्रिम घेतला होता, पण तो स्वतःच्याच पैशातून. तो फेडतानाही आपण एका सज्जन माणसाचं देणं वेळेवर फेडतो आहोत असं त्यांना वाटायचं. पगाराच्या खात्याबरोबर बँकेनं एकदा न मागता क्रेडिट कार्ड पाठवलं, तेव्हा त्यांनी कात्रीनं त्याचे चार तुकडे केले आणि कार्ड रद्द केल्याची लेखी पोच मागून घेतली.

पत्नी अरुणा मात्र या पंथातली नव्हती. त्या एका शाळेत गणित शिकवायच्या आणि हप्त्यांना घाबरायच्या नाहीत. फ्रिज हप्त्यावर, मोबाइल हप्त्यावर, कपडे धुण्याचं मशीनही हप्त्यावर. पहिला फ्रिज घरात आला त्या दिवशी गुणवंतराव म्हणाले होते, "हप्त्यावरचं गार पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही."

"मग माठातलं प्या," अरुणा म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात ते माठातलं प्यायले. पुढच्या उन्हाळ्यापासून फ्रिजमधलं प्यायला लागले, पण बाटली स्वतः काढून घेत नसत.

त्यांची डिझेल गाडी दहा वर्षांची व्हायला आली तेव्हा ही सगळी व्यवस्था अडचणीत आली. दहा वर्षं झालेली डिझेल गाडी प्रदूषणाच्या नियमानं दिल्लीत चालत नाही. मध्येच सवलत मिळते, मध्येच नियम पुन्हा कडक होतो. शेजारी सवलतीच्या भरवशावर बसले होते. पण नियम लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाला सवलतीचा भरवसा नसतो. गुणवंतरावांनी मुदतीआधीच गाडी मध्य प्रदेशातल्या एकाला विकून टाकली. नवी घ्यायला पैसे नव्हते, कारण होते नव्हते ते नागपूरच्या फ्लॅटमध्ये गेले होते. अर्थात रोख.

"लोन घ्या ना बाबा," सलोनी म्हणाली. ती गुरुग्रामला नोकरी करायची आणि शनिवार-रविवार घरी यायची. "इतकं काय त्यात, यार."

"आजवर उसनवारी केली नाही मी."

"उसनवारी म्हणजे?"

गुणवंतरावांनी समजावून सांगितलं. सलोनी म्हणाली, "अच्छा, म्हणजे लोनच."

शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली ती अशी: कर्ज घ्यायचंच तर रास्त दरानं घ्यायचं, आणि रास्त दर आपल्याला नाही तर कुणाला मिळणार? ज्या शाखेत सव्वीस वर्षं पगार जमा होतो आहे तिथे बाहेरच भलं मोठं पोस्टर होतं. कारकर्ज पावणेनऊ टक्क्यांपासून. त्यातल्या 'पासून'कडे त्यांचं लक्ष गेलं होतं; तो शब्द इतरांसाठी आहे असं त्यांनी धरलं.

कर्जाच्या टेबलावर निधी बत्रा नावाची तिशीतली अधिकारी होती. तिनं विचारलं, "सर, कोई लोन चल रहा है?"

"नहीं."

"पहले कभी?"

"कभी नहीं," गुणवंतराव म्हणाले आणि जरा थांबले. या जागी समोरचा माणूस बहुधा काहीतरी कौतुकाचं बोलत असे.

निधीनं कीबोर्ड पुढे ओढला. तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी भरलं, वाट पाहिली, आणि तोंड थोडं वाकडं केलं. "सर, आपका स्कोर माइनस वन आ रहा है."

"माइनस?"

"मतलब हिस्ट्री ही नहीं है. आपने कभी किसी का पैसा लौटाया नहीं."

"लिया ही नहीं तो लौटाऊँगा क्या?"

"वही तो, सर," निधी म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरीचं दुःख होतं. ज्यानं कर्ज घेऊन फेडलं त्याची बँकेला खात्री असते. ज्यानं घेतलंच नाही तो कसा वागेल हे कुणी सांगावं? अशा माणसासाठी दर होता दहा टक्क्यांच्या वर. मग तिनं, जाता जाता सुचवावं तसं, विचारलं, "मिसेज़ वर्किंग हैं? उनके नाम से देख लें?"

"लोन मुझे चाहिए," गुणवंतराव म्हणाले आणि उठले.

ते तिथून निघाले ते थेट शोरूमला. तिथे पैशांच्या टेबलावर बसलेल्या सचदेवा नावाच्या तरुणानं चहा मागवला, स्कोरबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि म्हणाला, "सर, आपके लिए फ्लैट छह परसेंट." पावणेनऊसुद्धा नाही, सहा! गुणवंतराव घरी आले ते बऱ्याच दिवसांनी शीळ घालत. जेवताना त्यांनी आकडा जाहीर केला.

अरुणांनी पोळी मोडता मोडता विचारलं, "फ्लॅट सहा की घटत्या शिलकीवर सहा?"

"सहा म्हणजे सहा."

"अहो, फ्लॅट म्हणजे पाच वर्षं पुऱ्या रकमेवर व्याज. अर्धी रक्कम फेडून झाली तरी पुरीवरच. समजा आपण अर्धं क्वार्टर रिकामं करून दिलं आणि सरकार भाडं मात्र चारही खोल्यांचं कापत राहिलं, तसं." त्यांनी हात धुतला, सलोनीच्या जुन्या वहीच्या पाठीमागे दोन ओळींचं गणित मांडलं आणि वही त्यांच्याकडे सरकवली. "अकराच्या आसपास पडतं हे. बँक परवडली."

गुणवंतरावांनी गणित तपासलं. चूक काढण्याच्या हेतूनंच तपासलं, पण चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी सचदेवाचे फोन येत राहिले आणि गुणवंतराव ते वाजू देत राहिले.

आता उरला तो एकच मार्ग, आणि त्यावर त्यांची हुकमत होती. त्यांनी बँकेला निवेदन लिहिलं. नऊ परिच्छेद, क्रमांक घातलेले. पहिल्यात पार्श्वभूमी, दुसऱ्यात सेवेचा तपशील, तिसऱ्यात पगार एकदाही न चुकता याच शाखेत जमा झाल्याचा उल्लेख. सहाव्यात तर्क होता: कर्ज न घेणं हा बेभरवशेपणाचा पुरावा असेल, तर चोरी न करणं हा प्रामाणिकपणाचा पुरावा कसा मानावा? ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. अरुणांना वाचून दाखवली.

"छान आहे," अरुणा म्हणाल्या. "पण दर कमी करा असं कुठे लिहिलंय?"

ते नवव्यात होतं.

निधीनं निवेदन उभ्यानं वाचलं. "सर, यह मैं किसको भेजूँ?" गुणवंतरावांनी कुणाला, कुणामार्फत आणि कोणत्या शेऱ्यासह ते सांगितलं. पोरगी भली होती. तिनं तसंच विभागीय कार्यालयाला पाठवलं. पंधरवड्यानं उत्तर आलं. इंग्रजीत, एका ओळीचं: अर्जदारानं आधी कर्जफेडीचा इतिहास तयार करावा, असा सल्ला त्यास देण्यात यावा.

गुणवंतरावांनी बँकेतल्या खुर्चीत बसून ती ओळ पुन्हा वाचली. 'असा सल्ला त्यास देण्यात यावा.' गेली कित्येक वर्षं पेन्शनरांना, विधवांना, बदली मागणाऱ्यांना त्यांनी स्वतः हेच लिहिलं होतं. मंत्रालयात त्यांचं नाव होतं ते कमीत कमी शब्दांत नकार देण्याबद्दलच. हा मसुदा करणारा माणूस कोण असेल? काम जाणणारा होता. कुठेही फट नव्हती. अपील करायला एक शब्दसुद्धा धरता येत नव्हता. त्यांना राग यायला हवा होता, पण आधी दाद द्यावीशी वाटली. राग घरी पोचेपर्यंत आला, तोही फारसा नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी चप्पल काढता काढता अरुणांना सांगितलं, "तुझ्या नावानं होईल म्हणतात."

"कधी म्हणाले?"

"पहिल्याच दिवशी."

अरुणांनी गॅस बारीक केला. "महिनाभर मेट्रोनं धक्के खाल्ले मी. मला कुणी विचारलंच नाही."

"घरातल्या कर्त्यानं—"

"कर्त्यानं नऊ परिच्छेद लिहिले. चलो, शनिवारी जाऊ. आणि तुम्ही तिथे बोलायचं नाही."

शनिवारपर्यंतच्या दिवसांत त्या मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या दुसऱ्या बँकेत जाऊन आल्या आणि तिथला दर शिक्क्यासह लिहून घेतला. गुणवंतरावांना हे जरा अशिष्ट वाटलं. एका कार्यालयानं काय सांगितलं ते दुसऱ्या कार्यालयात दाखवत नाहीत.

निधीनं अरुणांची माहिती भरली आणि तिचा चेहरा उजळला. "मैम! आठ सौ के ऊपर है आपका!" फ्रिज, मशीन, तीन मोबाइल, एक मिक्सर, सगळं त्या आकड्यात जमा होतं. गुणवंतरावांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"तो रेट?" अरुणांनी विचारलं.

"नौ दस, मैम. नौ पॉइंट वन ज़ीरो."

गुणवंतराव मान डोलवणार होते. दहापेक्षा कमी होता, समोरच्यानं नीट सांगितला होता; अशा वेळी 'ठीक आहे' म्हणून सही करणं ही त्यांच्या लेखी सभ्यता होती. अरुणांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाहर पौने नौ लिखा है."

"मैम, वह तो लोन के साथ इंश्योरेंस लेने पर. आपको कुछ हो गया तो—"

"इंश्योरेंस है मेरा. दो-दो बार थोड़े ही मरूँगी."

निधी हसली. अरुणांनी पर्समधून दुसऱ्या बँकेचा कागद काढून टेबलावर ठेवला. "ये बिना इंश्योरेंस के आठ अस्सी दे रहे हैं. प्रोसेसिंग फ़ीस भी माफ़. मैं तो चली जाती, पर इनका मन है कि यहीं से हो. छब्बीस साल का रिश्ता है इनका."

"मैम, इसके लिए मुझे ऊपर से अप्रूवल लेना पड़ेगा."

"लीजिए ना. हम बैठे हैं."

गुणवंतराव अवघडले. अर्जदार समोर बसलेला असताना वरून मंजुरी येते, असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. निधीनं फोन लावला, 'जी सर, जी सर, कस्टमर चली जाएगी सर' असं तीनदा म्हणाली, आणि चहाचे कप रिकामे व्हायच्या आत मंजुरी आली. विभागीय कार्यालयच ते. त्याच कार्यालयानं नऊ परिच्छेदांना पंधरवडा घेतला होता.

पावणेनऊ. विमा नाही, फी नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

अरुणा मुख्य कर्जदार झाल्या. सहकर्जदाराच्या जागी सही करताना गुणवंतरावांना राहवलं नाही. "मैडम, एक बात बताइए. गाड़ी वही, बैंक वही, घर वही. सही रेट कौन सा था? मुझे जो बताया था वह, या यह?"

निधीनं खरंच विचार केला. "सर, रेट गाड़ी का नहीं होता. बंदे का होता है." मग त्यांना वाईट वाटलं असेल असं समजून म्हणाली, "पर अब आपकी भी हिस्ट्री शुरू हो गई, सर. आज से."

बाहेर पायऱ्यांवर अरुणा म्हणाल्या, "रागावलात?"

"नाही. मसुदा चांगला होता."

"कुठला मसुदा?"

"तुझाच. 'हम बैठे हैं.'"

गाडी आली, पांढरी, पेट्रोलवरची. जानेवारीत चार जणांना घेऊन पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकालाही जाऊन आली. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरच्या एका गृहस्थानं सहज विचारलं, "रोखीनं घेतलीत का हो?" गुणवंतरावांनी आरशात पाहिलं आणि दर सांगितला. घटत्या शिलकीवरचा, हेही सांगितलं. मग वाटेवरचं मुरथळ येईपर्यंत फ्लॅट दर म्हणजे काय ते समजावलं, चार खोल्यांच्या क्वार्टरचा दाखला देऊन.

त्याआधी पहिल्या हप्त्याचा दिवस उजाडला होता. हप्ता अरुणांच्या खात्यातून जायचा, त्यामुळे बँकेचा निरोपही त्यांच्याच मोबाइलवर यायचा. गुणवंतरावांपुढे फायली होत्या. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. दुपारी त्यांनी शाळेत फोन लावला.

"कापला का?"

"काय?"

"हप्ता."

"अहो, मी वर्गात आहे. चाळीस पोरं बघतायत."

"फक्त हो किंवा नाही सांग."

पलीकडे पोरांना दटावल्याचा आवाज आला. मग अरुणा म्हणाल्या, "कापला. सकाळीच. आता दर महिन्याला विचारणार आहात का? पाच वर्षं?"

"देणं आहे आपलं," गुणवंतराव म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांनी फोन केला नाही. मेसेज केला.