उत्तरेकडचा पाखा

थोरकिल ब्रूननं आमच्या गावातली घरं बेचाळीस वर्षं शाकारली. चर्च, धक्क्यावरची गोदामं, माझ्या स्वतःच्या घराची पश्चिमेची बाजू, सगळ्यांवर त्यानं बसवलेली कौलं आहेत. गुडघे गेले तेव्हा त्यानं शिडी विकली आणि पुढच्याच मंगळवारी तो म्युझियमच्या तळघरात आम्हां म्हाताऱ्यांच्यात येऊन बसला.

तिथं आम्ही दर मंगळवारी आणि गुरुवारी जमून जुन्या बंदर-रस्त्याचा देखावा करत होतो. खरा रस्ता एकाहत्तर साली गाड्या लावायच्या जागेसाठी पाडला. त्याआधी तो जसा होता तसा, एकास वीस मापात, घरं, कुंपणं, पाण्याचे नळ, सगळं हातानं करायचं. विकतचं काही चिकटवायचं नाही, असा प्रेबेनचा कडक नियम. प्रेबेन आमचा म्होरक्या, भूगोलाचा निवृत्त मास्तर; अजूनही सगळ्यांवर वर्गातल्यासारखा ओरडायचा. मी खिडक्या रंगवायची. थोरकिल फक्त छपरं करायचा.

त्याचं काम बघत राहावं असं. भट्टीची लाल माती लाटण्यानं पातळ लाटायची, पत्र्याच्या साच्यानं तिचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा प्लास्टरच्या नागमोडी ठोकळ्यावर अंगठ्यानं दाबायचा. दोन सेंटिमीटर लांबीचं कौल. मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी गाठ, छपराच्या आडव्या लाकडी रिपेवर अडकायला. भाजल्यावर माती आटते, म्हणून साचा दहावा हिस्सा मोठा. भट्टी शाळेतली, शनिवारी मिळायची. वाकडी निघालेली कौलं तो टाकून देत नसे. म्हणायचा, "जुन्या छपरावर सगळी कौलं शहाण्यासारखी बसलेली कुणी पाहिलीत?"

प्रेबेन त्याच्या मानगुटीवर बसलेला असायचा. "अरे बाबा, एका छपराला तू वर्ष घेतोस. आपण मरायच्या आत रस्ता पुरा होऊ दे."

"मग तू जरा सावकाश मर," थोरकिल मान वर न करता म्हणायचा.

यापलीकडे तो फारसा बोलत नसे. बायको, रूथ, वारलेली. मुलं नव्हती. सहा वर्षं तो माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. साडेनऊला कॉफी, काळ्या पावावर चीज, डबा धुऊन पिशवीत. मला त्याच्याबद्दल इतकंच ठाऊक होतं.

मग पिवळ्या घराची पाळी आली. ते रस्त्यातलं सगळ्यात मोठं घर, कातडी कमावणाऱ्या एका श्रीमंत माणसानं दोनशे वर्षांपूर्वी बांधलेलं. प्रेबेननं टेबलावर दोन फोटो ठेवले, दोन्ही समोरून काढलेले.

"मागची बाजू कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "नकाशात नुसती रेघ आहे. आपण ती बाजू भिंतीला लावून टाकू."

"मागं नऊ खिडक्या होत्या," थोरकिल म्हणाला. "डावीकडून चौथी विटांनी बुजवलेली. मोरीचं दार हिरवं. छपराच्या उत्तरेकडे उतरत्या पाख्यावर लोखंडी चौकटीची एक काच, तिला तडा गेलेला."

प्रेबेननं चष्मा काढला. "तुला कसं माहीत? तू शाकारलं होतंस की काय?"

"नाही. मी तिथं राहत होतो. पाचव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत."

त्या घरात कोण राहायचं हे गावात आमच्या वयाच्या प्रत्येकाला माहीत होतं. कातडीवाल्याचं घराणं संपल्यावर तिथं मुलामुलींचा आश्रम होता. आईबाप नसलेली, किंवा असून नसल्यासारखी मुलं.

माझ्या हातातला ब्रश मी खाली ठेवला. सत्तावन्न साली मी शाळेची नर्स झाले, तेव्हा तो आश्रम माझ्याकडे होता. महिन्यातून एकदा मी तिथं जायची. जेवणाच्या खोलीत मुलं रांगेनं उभी असायची. वजन, केसांतल्या उवा, दात, पोट. वहीत लिहायची: स्वच्छ, वजन ठीक. मग आश्रमाच्या बाईंबरोबर कॉफी, आणि सायकलवरून परत.

सगळे गेल्यावर मी त्याच्यापाशी गेले. "थोरकिल, तू रांगेत असशील."

"होतो की, सिस्टर," तो म्हणाला.

सहा वर्षांत त्यानं मला नावानंच हाक मारली होती.

"तू मला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतंस?"

"तुझ्या हातांवरून. तू हात एकमेकांवर चोळून गरम करायचीस आणि मग पोटाला लावायचीस. डॉक्टर तसाच गार हात लावायचा."

मला तो आठवत नव्हता. मी खूप आठवून पाहिलं. रांग आठवली, खोलीतला कोबीचा वास आठवला, मुलगा आठवला नाही. मी तसं सांगितलं. त्यानं मान हलवली, जणू त्यात काही विशेष नव्हतं.

"त्या खोलीच्या वर काय होतं?" मी विचारलं. हा प्रश्न मी पंचावन्न वर्षं उशिरा विचारत होते.

"माळा. अंथरूण ओलं केलं की ओली चादर खांद्यावर घेऊन माळ्यावर जायचं. चादर वाळली की खाली यायचं. उन्हाळ्यात दुपारी सुटका व्हायची." तो हाताला चिकटलेली माती खरवडत होता. "हिवाळ्यात चादर वाळत नाही."

"मी तिथं आले त्या दिवशीसुद्धा कुणी वर असायचं?"

"असायचं कधीकधी. रांगेत एखादं कमी असलं तर बाई सांगायच्या, शेतावर पाठवलंय."

ते मला आठवलं. शेतावर पाठवलंय. मी वहीत 'गैरहजर' लिहायची.

"मला वर कुणी नेलं नाही," मी म्हणाले. म्हणताक्षणीच ते ऐकायला वाईट वाटलं, म्हणून पुढं म्हणाले, "आणि मी विचारलंही नाही."

"हो," थोरकिल म्हणाला. "विचारलं नाहीस."

त्यानं माझी समजूत काढली नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

घर करायला त्याला सोळा महिने लागले. भिंती दुसऱ्यांनी केल्या, मागची बाजू मात्र त्यानं सांगितली तशी. छपराची दोन हजार तीनशे कौलं त्यानं एकट्यानं पाडली. वासे, आढं, रिपा, सगळं खऱ्यासारखं कापलेलं. पण प्रेबेनचं डोकं फिरलं ते पुढं. आमच्याकडे जुन्या घरांत कौलांचे सांधे आतून चुन्यानं भरत, म्हणजे बर्फाचा भुगा आत येत नसे. चुना धरून राहावा म्हणून त्यात गाईचे केस मिसळत. थोरकिलला तेही करायचं होतं.

"अरे, आतून!" प्रेबेन किंचाळला. "छप्पर एकदा बसलं की आत बघणार कोण? उंदीर?"

"मला तुझ्या कुत्रीचे केस लागतील," थोरकिल म्हणाला. "गाईचे फार जाड पडतात."

प्रेबेन पाय आपटत गेला. पण गुरुवारी एका पाकिटात कुत्रीचे तपकिरी केस घेऊन आला. "विंचरल्यावर निघालेत. तिला सांगितलं नाही कशाला ते."

थोरकिलचे हात कापायला लागले होते, म्हणून चुना भरायचं काम मी घेतलं. पाखा उलटा टेबलावर ठेवलेला. मी दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या बारीक हत्यारानं सांधे भरायची आणि तो शेजारी बसून बघायचा. उत्तरेच्या पाख्यात, आढ्यापासून पाचव्या ओळीत, त्यानं माझा हात धरला.

"इथं नको. इथला चुना मी खरवडून काढला होता. चमच्याच्या दांड्यानं."

"काय दिसायचं तिथून?"

"दोरखंडवाल्याचं आवार. त्याची बायको कपडे वाळत घालायची. खाडीचा एक तुकडा. बोट आली तर दिसायची, पण गेली तर नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "एकदा छपरावर पावलं वाजली. कौलं बदलायला माणूस आला होता. त्यानं माझ्या डोक्यावरचं फुटकं कौल उचललं आणि खाली बघितलं. मी चादरीत. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यानं खिशातला पाव काढून अर्धा मला दिला."

"आणि?"

"आणि नवं कौल बसवलं. त्याचं काम होतं ते."

मी ती जागा सोडून शेजारचा सांधा भरायला घेतला.

"चौदाव्या वर्षी मला आश्रमानं त्याच्याच हाताखाली ठेवलं," थोरकिल म्हणाला. "यॉर्गन शू. चांगला माणूस, कधी हात उगारला नाही. पाच वर्षं एका शिडीवर काम केलं. त्यानं तो विषय कधी काढला नाही. मीही नाही. मला वाटायचं, काढला तर तो मला कामावरून काढील. त्याला काय वाटायचं कुणास ठाऊक."

घर देखाव्यात ठेवायची वेळ आली तेव्हा प्रेबेननं पाटीचा मजकूर वाचून दाखवला: कातडीवाल्याचं घर, दोन मजली, पिवळा चुना, लाल कौलं. मी लगेच विचारलं.

"आश्रम कुठं आहे यात?"

"बिर्थे, रविवारी लोक मुलाबाळांना घेऊन येतात. त्यांना जुनं गाव बघायचंय."

"हे जुनं गावच आहे."

"मी काही खोटं लिहिलेलं नाही."

"मीही खोटं लिहिलं नव्हतं, प्रेबेन. स्वच्छ, वजन ठीक. दर महिन्याला. खाली माझी सही."

त्यानं पेन्सिल काढली आणि मास्तरी अक्षरात खाली एक ओळ जोडली: एकतीस सालापासून अडुसष्टपर्यंत इथं मुलांचा आश्रम होता. घर भिंतीला न लावता त्यानं एक हात पुढं ओढलं, म्हणजे माणूस मागूनही फिरू शकेल. थोरकिलनं उत्तरेचा पाखा चिकटवला नव्हता. दोन लाकडी खुंट्या काढल्या की तो वर उचलता यायचा. हे त्यानं कधी केलं, आम्हांला कळलंही नव्हतं.

पिवळ्या घराच्या उद्घाटनाला झेंडा लावला, केक झाला, भाषण झालं. बातमी जिल्ह्याच्या पेपरात आली, पाटीच्या त्या ओळीसकट. त्यानंतर एकेक माणूस यायला लागला. बहुतेक सत्तरीच्या आसपासचे, एकटे, कोट न काढता उभे राहणारे. ते समोरून घर बघत नसत. सरळ मागं जात. थोरकिल उठायचा, काही न विचारता खुंट्या काढायचा.

ओल्बॉर्ग शहराहून एक ट्रक-ड्रायव्हर आला होता. तो खाली वाकून खूप वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भोक इथं नव्हतं. माझं धुराड्यापाशी होतं."

"तुझं वेगळं असेल," थोरकिल म्हणाला. "दाखव."

त्यानं बोट ठेवलं. थोरकिलनं तिथला चुना टोकदार हत्यारानं काढला. ड्रायव्हरनं नाक पुसलं आणि म्हणाला, "थोडं अजून मोठं. माझी बोटं जाड होती." दोघंही हसले. मी त्या दोघांना कॉफी दिली.

पुढच्या दोन वर्षांत अशी आणखी तीन भोकं पडली. थोरकिलनं प्रत्येकाला विचारून काढली. एकदा मी त्याला म्हटलं, की या माणसांना मी कोण आहे ते सांगायला हवं. तो म्हणाला, "ते तुझं तू बघ."

दुसऱ्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. तो आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होता. मी रोज जायची; खोलीत शिरायच्या आधी हात चोळून घ्यायची. शेवटच्या दिवसांत तो बोलत नव्हता, पण शुद्धीत होता. सकाळी आठ वाजता गेला. प्रेबेननं त्याचा प्लास्टरचा ठोकळा आणि पत्र्याचा साचा त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवायचं म्हटलं. मी नको म्हणाले. अजून अर्धा रस्ता बिनछपराचा होता.

आता गुरुवारी कुणी आलं की मी उठते. आधी माझं नाव सांगते, आणि मी त्या आश्रमाची नर्स होते हेही. बहुतेक जण "अच्छा" म्हणतात. एकाला मी चष्मा मिळवून दिला होता, ते त्यानं सांगितलं, मला आठवत नव्हतं.

गेल्या वसंतात एक बाई आल्या, एल्सेबेथ नावाच्या. त्यांना मी सांगितलं तेव्हा त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही आमची वजनं करायचात," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तेव्हा वर होते. तुमच्या सायकलची घंटा ऐकू यायची."

मी पाखा उचलला. त्यांनी आत क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "बंद करा." मी खुंट्या परत बसवल्या. कॉफी विचारली, त्यांनी नको म्हटलं. शहरात जाणारी बस किती वाजता आहे, एवढं विचारलं. थांबा त्यांना माहीत नव्हता, म्हणून मी माझा कोट घेतला आणि त्यांच्याबरोबर गेले. वारा होता. आम्ही एका बाकावर बसलो, मध्ये त्यांची पर्स. वीस मिनिटांनी बस आली तेव्हा त्यांना पायरी चढायला जड गेलं. मी हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही, दांड्याला धरून चढल्या, आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या.