आण्णांनी सरळ केलेलं बंदर

भूतखेत, अंगात येणं, मागचा जन्म... यातलं काहीच आमच्या घरात कधी चाललं नाही. आम्ही बौद्ध. माझे वडील, आण्णा, आयुष्यभर गवंडी होते. भूम, वाशी, परंडा या भागात त्यांनी किती दगडी भिंती उचलल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. कामावर कुणी लिंबू-मिरची टांगली की ते स्वतः काढून टाकायचे आणि हातातली ओळंब्याची दोरी दाखवत म्हणायचे, "लिंबू भिंत धरत न्हाय, वळंबा धरतो." त्यांचीच मुलगी मी. त्यामुळं हे लिहावं की नाही, यात दीड वर्ष गेलं.

भूमला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ माझा कॉम्प्युटर. पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी घरून करते — जुन्या फोटोंचे स्कॅन साफ करायचे. धुळीचे ठिपके, केसासारख्या रेघा काढायच्या, फोटोतलं काही बदलायचं नाही. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका ग्रंथालयाचं काम आलं होतं. इंग्रज अमलाच्या काळात काचेच्या प्लेटांवर काढलेले फोटो. लाकडी धक्के, शिडाची जहाजं, नव्यानं वसलेली गावं, पत्र्याची घरं, आणि मैलोन्‌मैल उजाड माळ. काही माळ तर असे, की खाली गावाचं नाव नसतं तर मी पाथरूडकडचा रस्ता समजले असते.

त्याच्या आठ महिने आधी आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. बार्शीला नेलं, जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. "ब... ब..." एवढाच आवाज निघायचा. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, समजतंय, पण बोलणं परत येईलच असं नाही. आण्णा सगळं समजून गप्प बसायचे. ते बघवत नव्हतं. आई त्यांना घास भरवताना एकटीच बोलत राहायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरायची.

त्या दिवशी सकाळी आई आठवडी बाजारात गेली होती. आण्णांना एकटं नको म्हणून त्यांची खुर्ची मी माझ्या टेबलाशेजारी ओढून घेतली आणि कामाला लागले. समोर एका बंदराचा फोटो होता. डावीकडं पाणी आणि लांब धक्का, उजवीकडं दगडी गोदाम, मागं टेकडी. माणूस एकही नाही. पाटी नाही, अक्षर नाही. मी आभाळातले ठिपके काढत होते.

आण्णांचा डावा हात स्क्रीनकडं गेला.

"उलटं."

मला आधी वाटलं, गल्लीतून कुणी बोललं. मी वळले. ते माझ्याकडं बघत नव्हते, फोटोकडं बघत होते.

"उलटं हाय," ते म्हणाले. शब्द जड होते, पण स्पष्ट. "पाणी... ह्या अंगाला." आणि त्यांनी उजवीकडं बोट दाखवलं.

मला रडू येत होतं, पण थांबले तर ते बोलायचे थांबतील अशी भीती वाटली. मी फक्त एक बटण दाबलं. फोटो आरशातल्यासारखा फिरला, पाणी उजवीकडं आलं.

"आता बरुबर," आण्णा म्हणाले. मग बराच वेळ बघून, "गोदामामागं आड हाय. गोल न्हाय. सहा कोनी."

"आण्णा, तुम्हाला कसं माहीत?"

त्यांचं बोट अजून गोदामावरच होतं. तेवढ्यात आई दारात आली, हातात भाजीची पिशवी.

"कुठं गेलती?" आण्णांनी विचारलं.

"बाजारला," आई रोजच्यासारखी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. पिशवी हातात तशीच धरून ती उंबऱ्यावर बसली. तिला उठवायला शेजारच्या काकूंना बोलवावं लागलं.

वाचा परत आली, याला कारण असू शकतं. डॉक्टरांनी सांगितलं, असं कधी कधी होतं — मेंदू हळूहळू नवी वाट धरतो, एखादी गोष्ट निमित्त होते. ते मला पटलं. पण फोटो उलटा आहे हे...? काचेच्या प्लेटा चुकीच्या बाजूनं स्कॅन होतात हे मला माहीत होतं. पण आम्ही ते दुकानाच्या पाटीवरून, माणसाच्या कोटाच्या बटणांवरून ओळखतो. यात काहीच नव्हतं. मी पुण्याच्या आमच्या मॅडमना मेल केली. आण्णांचं नाव काढायचा धीर झाला नाही, फक्त लिहिलं की फोटो उलटा असावा, कृपया मूळ प्लेट तपासावी. आणि त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं — गोदामामागं आड, सहा कोनी.

आठवड्याभरानं उत्तर आलं. प्लेट खरंच उलट्या बाजूनं स्कॅन झाली होती. ग्रंथालयातल्या बाईंनी आभार मानले होते आणि विचारलं होतं, तुम्ही कशावरून ओळखलं?

माझा भाऊ म्हणाला, "सविते, दोनच बाजू असतात. अर्धा चान्स होता, लागला." खरं आहे. मीही स्वतःला तेच सांगितलं.

पुढच्या महिन्यात फोटोंची नवी खेप आली. त्यात तेच बंदर होतं, पण मागच्या टेकडीवरून काढलेलं. गोदामाची पाठ दिसत होती. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. गोदामाच्या मागं दगडी कठड्याचा आड होता. मी कठड्याचे कोन मोजले. एक कोपरा ढासळलेला, तो धरून सहा.

मी डायरी उघडून त्या दिवशीची ओळ पुन्हा वाचली आणि घाबरले. फोटो आण्णांना दाखवला तर ते "व्हय" म्हणाले आणि चहा मागितला.

त्यांना भीती वाटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही फार वेळ वाटली नाही. कारण रोज सकाळी ते माझ्या शेजारी बसायला लागले होते. फोटो बघत बोलायचे. "ह्या गवंड्यानं घाई केली." "हा कोपरा लई नामी बांधलाय." इतर गावांबद्दल ते एवढंच बोलायचे, एक गवंडी बोलेल तसं. जाणत्यासारखं फक्त त्या एका बंदराबद्दल बोलले. दिवसाला पाच शब्द, मग दहा, मग अख्खी वाक्यं. आईशी त्यांचं मिठावरून पहिलं भांडण झालं तेव्हा आम्ही दोघी हसत होतो आणि ते आणखी चिडत होते.

काम संपत आलं तेव्हा मी धीर करून ग्रंथालयातल्या त्या बाईंना खरं ते कळवलं. माझे वडील गवंडी आहेत, भूम-परंड्याच्या बाहेर फारसे गेलेले नाहीत, आजारी होते, फोटो बघून त्यांनी हे सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी एक फॉर्म पाठवला. फोटोच्या नोंदीत दुरुस्ती कुणी सुचवली ते त्या कायम ठेवतात म्हणे. 'माहिती देणारा' इथं मी आण्णांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढं 'गवंडी, भूम, भारत'. त्याखाली 'माहितीचा आधार' असा रकाना होता. त्यावर दोन दिवस बसले. 'अनुभव' लिहिलं, खोडलं. 'अंदाज' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी कोराच पाठवला. त्यांनीही तो तसाच ठेवलाय.

तो फोटो कुणी काढला याची नोंद नाही. कोण होता, कोणत्या सकाळी त्या वाऱ्यात कॅमेरा मांडून उभा राहिला, माहीत नाही. पण त्याचे, ती काच जपणाऱ्यांचे आणि त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. माझे आण्णा मला बोलते मिळाले.

नोंद वेबसाइटवर लागली तेव्हा मी ती आण्णांना दाखवली. इंग्रजी अक्षरं बोटानं दाखवत त्यांचं नाव वाचलं. त्यांनी पहिल्यांदाच बघत असल्यासारखं फोटोकडं नीट बघितलं, आणि मग माझ्याकडं.

"कुठलं बंदर हे?" ते म्हणाले. "म्या तर समुद्रच बघितला न्हाय, बाई."