आपल्याच मयताला गेलेली तफीदा

तफीदा खाला पेल्यात आधी साखर घालायची, मग ती साखर भिजेल एवढाच चहा. गाण्याआधी मेथीचं पाणी प्यायची. आजारी माणसाच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायची, आतल्यांना वाटू नये की ही वाट बघतेय. समोरच्याची उंची डोळ्यांनी मापायची. आणि गप्पांच्या मध्येच विचारायची, "तुला खायला काय आवडतं?"

ऐकणारा पांढराफटक पडायचा. मेलेल्यांसाठी शोक गाणं हा तिचा धंदा होता, आणि माणसाचं आवडतं खाणं तिच्या शोकात हमखास यायचं.

"मला काहीच आवडत नाही, खाला," वाणी म्हणायचा.

"मग तुझ्यावर गाणं सोपं आहे. तराजू उलटा ठेवायचा आणि गप्प बसायचं."

नाईलच्या पूर्वकाठावरच्या त्या उसाच्या गावात कुणी गेलं की बाप्ये बाहेर मांडवात बसत. कडू कॉफी, कुराणाचं पठण, आणि चेहरे असे की दुःख शेजाऱ्याच्या घरी झालंय. आत चटईवर काळ्या वस्त्रांतल्या बाया. तिथे तफीदा एक ओळ टाकायची आणि बाया ती उचलायच्या. मुसलमानांकडून बोलावणं यायचं तसंच किब्ती ख्रिस्त्यांकडूनही. किब्त्यांच्या घरी तिसऱ्या दिवशी पाद्री येऊन पाणी शिंपडतो आणि मेलेल्याच्या जिवाला सांगतो, बाबा, आता या घरातून नीघ. तफीदाला ही चाल फार पसंत होती. "पाहुण्याला ऊठ म्हणणारं कुणीतरी पाहिजेच," ती म्हणायची.

तिचा भाचा रिफअत मशिदीत मुलांना शिकवायचा. त्याला हे काहीच पसंत नव्हतं. "आत्या, रडण्या-गाण्याने मेलेल्याला कबरीत त्रास होतो."

"मग माझ्या वेळी तू तोंड उघडू नकोस. तुझ्या आवाजाचा मला जिवंतपणीच त्रास होतो."

गावातली रिहाब सोहाग शहरातून साहित्याची पदवी घेऊन परत आली, तिला नोकरी लागली नाही, आणि ती खालाच्या ओट्यावर येऊन बसू लागली. कॉलेजात ऐकलेलं सांगू लागली. कुठे मेलेल्याला जाळतात आणि राख नदीत सोडतात. कुठे उंचावर पक्ष्यांसाठी ठेवतात. कुठे बाजा लावून मिरवत नेतात.

तफीदाचा प्रश्न एकच असायचा. "आणि तिथे गातं कोण?"

"काही ठिकाणी कुणीच नाही, खाला."

"पक्ष्यांकडे देतात ते बरं मग. निदान पक्षी तरी काही बोलतील."

तिची खरी काळजी तीच होती. मूलबाळ नाही. नवरा तरुणपणीच गेला. गावातल्या प्रत्येकाला तिने गाऊन पोचवलं होतं, आणि तिच्यावर गाणारं कुणी उरलं नव्हतं. बाकीच्या बाया मागून ओळ धरणाऱ्या, पुढून टाकणारी ती एकटी. आपल्यावरचा शोक एकदा कानाने ऐकायचा, एवढीच तिची हौस होती. "मेल्यावर ऐकू येतं का, याची हमी शेखसुद्धा देत नाही," ती म्हणायची.

म्हणून रिहाब शिकू लागली. पण शिकायचं कुठे? मरण न झालेल्या घरात शोक गायला की मरण पत्ता शोधत येतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओट्यावर एक ओळ गुणगुणली तर शेजारची दिमयाना खिडकीतून चप्पल दाखवायची. गोठ्यात गाऊन पाहिलं तर म्हशीवाला म्हणाला, म्हशीला काही झालं तर खालाने भरून द्यायचं.

शेवटी तफीदालाच सुचलं. नदी कुणाचंच घर नाही.

बशंदीचाचाच्या नावेतून दोघी मध्यावर गेल्या. त्याने कानांत कापूस कोंबला, वर पागोटं आवळलं, आणि दोघींकडे पाठ करून बसला. रिहाबने तफीदाच्या नावाचा शोक उचलला. सुरुवातीला आवाज कापत होता. मग पाण्यावर तो मोकळा झाला.

"पोट आत घे," तफीदा म्हणाली. "आणि माझं नाव लांबव. त-फी-दा. आवरून धरायला ते काय शेळी आहे?"

रिहाबने लांबवलं. वारा पूर्वेचा होता तो पश्चिमेचा होऊन गावाकडे वाहू लागला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

काठावर बाया भांडी घासत होत्या. त्यांनी तफीदाचं नाव ऐकलं, शोकाच्या चालीत. आणि आवाज तफीदाचा नव्हता. गावात कुणीही मेलं तर गाते तफीदा. गाणारी दुसरी, म्हणजे मेली ती तफीदाच. यात शंका घ्यायला जागा कुठे होती?

नाव काठाला लागली तेव्हा वाटेत कुणी नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या लागत होत्या. तफीदाने मांडववाल्याला विचारलं, "कोण गेलं बाबा?"

त्याने मान वर न करताच सांगितलं, "म्हातारी तफीदा. तिचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, आजी."

रिहाबने तोंड उघडलं. तिला ओरडायचं होतं. तफीदाने तिचा हात दाबला. म्हातारीचे डोळे असे चमकत होते की रिहाबने ते तसे कधी पाहिले नव्हते.

"गप्प. मला आत जायचंय."

काळं वस्त्र डोक्यावरून नाकापर्यंत ओढून ती आपल्याच घरात शिरली. आत सगळ्याच तशा बसलेल्या. कुणी जागा करून दिली. प्रेत नदीवरून यायचंय, असं एकीने सांगितलं. दुसरी म्हणाली, नाही, सोहागच्या दवाखान्यातून. ओसरीवर रिफअत खांबाला डोकं टेकून मोठ्याने रडत होता, आणि त्याला कबरीतल्या त्रासाची आठवण करून देणारं कुणी नव्हतं. दिमयाना भाताचं नि कोंबडीचं मोठं ताट घेऊन आली. तिच्या मागून आणखी ताटं आली.

मग बायांनी गायला सुरुवात केली. तफीदा डोळे मिटून ऐकू लागली. रिहाब तिच्या बाजूला, जिवाचा कान करून.

गाणं भयंकर होतं. पुढून कुणीच टाकेना, सगळ्या मागून धरायला टपलेल्या. शेवटी एकीने जी आठवली ती ओळ टाकली:

"चार ल्योकांची गं आई, चार खांदे आले दारी..."

तफीदाची मान हलली. रिहाबने तिची बाही ओढली. बायांनी तीच ओळ पुन्हा घेतली. चार ल्योक. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा तफीदाला राहवेना.

"चार ल्योक कुठून आणले, गं? मला सांगितलं असतंत तर म्हातारपणी कामाला आले असते. निपुत्रिकेचं म्हणा." आणि तिने स्वतःच टाकली:

"झाड होतं फळाविना, त्याची सावली सर्वांना,
वाटसरू गेले घरा, कोण पाणी घाली त्याला..."

सवयीने बायांनी ओळ उचलली. अर्ध्यावर आल्यावर त्यांना कळलं की टाकली कुणी.

मग जे झालं त्याला शोक म्हणवत नाही. दोघी खिडकीतून गेल्या. एक ताटात बसली. दिमयानाने छातीवर क्रूसाची खूण केली, मग वाकून तफीदाला चिमटा काढला, मग स्वतःला. मांडवातले बाप्ये धावत आले. रिफअतने आत्याला पाहिलं आणि त्याचं रडणं तोंडातच अडकलं.

"तू रडत होतास," तफीदा म्हणाली.

"नाही."

"चांगला रडतोस. तुला बायांत घेतो आम्ही."

पहिली हसली ती दिमयाना. मग हसू घरभर पसरलं, मांडवात गेलं, आणि मांडववाला खुर्चीवरून खाली आला. पण ताटांचं काय? शोकाच्या घरी पाठवलेलं अन्न परत नेलं तर मरण त्या ताटामागून घरी येतं. म्हणजे सगळं तिथेच संपवायला हवं. सगळ्यांनी बसून संपवलं. तफीदाने आपल्या मयताची कोंबडी दोनदा मागून घेतली, वर मीठ कमी आहे म्हणाली. दिमयाना तिसऱ्या दिवशी खरंच पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यावर शिंपडून म्हणाली, "नीघ गं बये एकदाची." तफीदा उठली आणि दिमयानाकडेच चहाला गेली.

पण ते चार ल्योक तिच्या जिव्हारी लागले. "तुमच्या हवाली केलं तर भलत्याच बाईला पुराल," ती रिहाबला म्हणाली, आणि आपला शोक स्वतः रचायला बसली. मसूर निवडता निवडता. मरण यायचं तर येऊ दे, एकदा येऊन रिकाम्या हाताने गेलंय, आता त्याला लाज वाटेल, असं तिचं म्हणणं. पहिली ओळ एका दमात झाली:

"ज्याला त्याला पोचवलं मी गात काठापर्यंत..."

दुसरी सुरू झाली, "आता माझी नाव सुटे," आणि पुढचं अर्धं बसेना. 'दोर सोडा सावकाश' तिने फेकलं, फार गुळचट. 'बशंदीला जागं करा' यावर ती स्वतःच इतकी हसली की मसूर सांडले. "उद्या ये," ती म्हणाली. "जवळ आलंय ते. जिभेवर आहे."

दुसऱ्याच दिवशी सकाळी, उसाची तोड सुरू असताना, ती चहाच्या पेल्यापाशी बसल्या बसल्या गेली. मांडववाला म्हणाला, आधी मी बघून येतो. तो बघून आला आणि त्याने खुर्च्या लावल्या.

बाया चटईवर बसल्या. रिहाबने पोट आत घेतलं आणि पुढून खालाची पहिली ओळ टाकली. त्यांनी उचलली. मग तिने दुसरी टाकली.

"आता माझी नाव सुटे..."

बाया पुढच्या अर्ध्यासाठी थांबल्या. ते खालाने सांगितलं नव्हतं.