काकूंची खोली आणि आमचा टॅक्स

मला भांडायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. माणसांशी नाही, ऑफिसांशी. पुण्यात असताना विजेचं बिल चुकीचं आलं की घरचे ते माझ्या हातात द्यायचे, आणि मी खिडकीसमोर जाऊन उभी राहिले की आतला कारकून चहाला निघून जायचा. अमेरिकेत आल्यावर ही हौस भागेनाशी झाली. इथे सगळे हसून बोलतात, 'हॅव अ नाइस डे' म्हणतात, भांडण पेटतच नाही. त्यामुळे दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीत टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, ते पोस्टकार्ड आलं, तेव्हा मला रागापेक्षा आनंदच जास्त झाला.

न्यू जर्सीत प्रत्येक घरमालकाला दरवर्षी असं कार्ड येतं. आमच्या मते तुमचं घर एवढ्या किमतीचं आहे, त्या किमतीवर टॅक्स भरा. पटत नसेल तर अपील करा, हेही त्यावरच छापलेलं असतं. आम्हाला घर घेऊन दोन वर्षं झाली होती. नवऱ्याने कार्ड वाचलं, मॅग्नेटने फ्रीजवर लावलं आणि म्हणाला, "इथे सगळ्यांचंच जास्त असतं यार. जाऊ दे ना."

"सगळ्यांचं नाही," मी म्हटलं. "काकांचं बघ."

काका-काकू आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. नात्याचे कोणी नव्हेत. सत्तरच्या दशकात इथे आलेले, काका नुकतेच रिटायर झालेले, एकुलता एक मुलगा टेक्ससला. आम्ही व्हिसावर नवीन आलो तेव्हा जवळच्या आयसेलिन गावातल्या एका भारतीय किराणा दुकानात, चितळ्यांचं गुलाबजामचं पीठ की आणखी कुठलं या विचारात मी उभी असताना काकूंनी मला हटकलं होतं आणि त्याच संध्याकाळी जेवायला नेलं होतं. पुढे आमचं घर विकायला निघालंय हेही काकांनीच सांगितलं. दोन्ही घरं एकाच बिल्डरने एकाच नकाशावर बांधलेली होती. कोणाच्या घराची काय किंमत लावलीय हे टाउनशिपमध्ये कोणालाही बघता येतं, म्हणून मी जाऊन बघून आले. काकांच्या घराची किंमत आमच्यापेक्षा चांगलीच कमी होती.

तुमच्या घराचं उदाहरण दिलं तर चालेल का, असं मी काकांना रीतसर विचारलं. ते म्हणाले, "अगं दे की. त्यात विचारायचं काय!" त्यांच्या डोक्यात काही आलं नाही आणि माझ्याही नाही. गॅरेजचा विचार आमच्या दोघांच्याही मनाला शिवला नाही.

आमच्या कॉलनीतल्या घरांचं पुढचं दार उघडलं की समोर जिनाच येतो, अर्धा वर जाणारा, अर्धा खाली. आदल्या वर्षी काकूंना पॅरालिसिसचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्यांना एकही पायरी न चढता जाता येईल अशी घरात एकच जागा होती, गॅरेज. मग त्या उन्हाळ्यात आम्ही आठ-दहा घरांनी मिळून त्या गॅरेजची खोली केली. सगळे सॉफ्टवेअरवाले, पण शनिवारी सकाळी ड्रिल हातात घेतलं की अंगात वेगळाच उत्साह संचारायचा. पुरुष भिंती उभारायचे, आम्ही बायका रंग द्यायचो आणि दुपारी सगळ्यांना मसालेभात. गॅरेजचं मोठं दार काढून तिथे भिंत, खिडकी आणि एक साधं दार आलं, कोपऱ्यात छोटी बाथरूम झाली. काकांनी एकदा विचारलं होतं, याला काही परमिट वगैरे लागतं का. "अहो काका, आपल्याच घरात खोली करायला परमिट कसलं?" हे मीच म्हटलं होतं. सगळे हसले होते.

त्या खोलीने काकूंना माणसांत आणलं. ते दार सरळ घरापुढच्या ड्राइव्हवेवर उघडायचं. त्या वॉकर धरून बाहेर यायच्या आणि खुर्चीत बसायच्या. स्कूलबसला मुलांना सोडायला निघालेल्या सगळ्याजणी तिथे थांबायच्या. कोणाचं बाळ रांगायला लागलं, कोणाच्या सासूबाई येणार, सगळं त्यांना आधी कळायचं. थेरपिस्टने सांगितलेलं चालणं त्या रस्त्याच्या कडेच्या मेलबॉक्सपर्यंत करायच्या, आणि आता पुढच्या घराच्या मेलबॉक्सपर्यंत जायचं असं त्यांचं ठरलं होतं.

मार्चमध्ये मी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन असेसरकडे गेले. असेसर म्हणजे घरांच्या किमती ठरवणारा टाउनशिपचा अधिकारी. मला वाटलं होतं कोणीतरी खडूस असेल. होता तो साठीतला, लोकरी स्वेटर घातलेला, अगदी मऊ बोलणारा माणूस. मी पूर्ण तयारीने गेले होते. दोन्ही घरांचे फोटो मोठे करून शेजारीशेजारी चिकटवले होते, म्हणजे आंधळ्यालाही दिसावं की ही जुळी घरं आहेत. काकांच्या घराचा फोटो छान आला होता. खिडकीला काकूंचा पिवळा पडदाही दिसत होता.

त्याने फोटो जवळ ओढला. "या घराच्या गॅरेजचं दार कुठे आहे?" त्याने विचारलं.

इथे मला गप्प बसता आलं असतं. माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. पण मी भांडणाच्या भरात होते आणि मला वाटलं, हा तर आपल्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा. "तेच तर सांगतेय!" मी म्हटलं. "त्यांनी गेल्या वर्षी गॅरेजची खोली केलीय, बाथरूमसकट. म्हणजे आमच्यापेक्षा एक खोली जास्त. तरी त्यांच्या घराची किंमत कमी! हा कुठला न्याय?" आणि मी चक्क टेबलावर हात आपटला.

"गेल्या वर्षी," तो म्हणाला आणि त्याने पेन उचललं.

तेव्हा कुठे मला कळलं की मी काय बोलले. मी घाईघाईने म्हटलं, ते जाऊ द्या, ते महत्त्वाचं नाही. त्याने मान हलवली आणि कपाटातून आमच्या घराच्या नोंदीचं कार्ड काढलं. त्यावरून बोट फिरवत विचारलं, "तुमच्याकडे अडीच बाथरूम आहेत ना?"

"दीड," मी म्हटलं. अंघोळीची सोय नसलेलं नुसतं टॉयलेट इथे अर्धी बाथरूम धरतात.

"इथे अडीच लिहिलंय." तो स्वतःशीच हसला. एवढंच होतं. कोणीतरी कधीतरी चुकीचं लिहिलं होतं, म्हणून आमच्या घराची किंमत जास्त लागली होती. माणूस येऊन बघून जाईल आणि दुरुस्ती होईल, असं त्याने सांगितलं. माझे फोटो मला परत दिले. शेजाऱ्याच्या घराला किती किंमत लावलीय हा पुरावा अपिलात धरतच नाहीत, हेही त्याने समजावून सांगितलं. नुसतं दीड बाथरूम म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

उठताना मी त्याला म्हटलं, त्या खोलीत आजारी बाई राहते, कृपा करून तेवढं विसरून जा. तो रागावला नाही. म्हणाला, "मॅडम, आता ऐकलंच नाही असं मला कसं म्हणता येईल? परमिट असेल तर काहीच अडचण नाही."

मी गाडीतून घरी न जाता सरळ काकांकडे गेले. काकू झोपल्या होत्या. काका स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "तू काही मुद्दाम केलं नाहीस. बस. चहा घेशील ना?" त्यांनी मला झापायला हवं होतं. निदान आवाज तरी चढवायला हवा होता. त्यांनी माझ्या चहात आलं घातलं, आणि तो चहा मला गिळवेना.

दोन आठवड्यांनी बांधकाम खात्याचा इन्स्पेक्टर आला. त्याने आमची सगळी कारागिरी बघितली. आग लागली तर वाजणारा अलार्म नाही, वायरिंग चुकीचं आहे, आणि मागे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी आहे तिच्यासमोर आम्ही प्लायवूड ठोकून तिची हवाच बंद केली आहे. नीट होईपर्यंत इथे कोणी झोपायचं नाही, असं तो सांगून गेला. नीट करायचं म्हणजे नकाशे, परमिट, लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर. आम्ही सगळे म्हणालो, खर्च वाटून घेऊ. काका म्हणाले, "एकदा तुम्ही सगळ्यांनी केलंत, तेवढं पुरे झालं. मुलगा टेक्ससला या म्हणतोय. आता त्या खोलीत आणखी काही नको."

आमच्या त्या आठ-दहा घरांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी माझी समजूत घातली. अगं, उलट वाचल्या काकू, त्या भट्टीने काही झालं असतं तर? नवरा तर हे रोज म्हणायचा. खरंही असेल. पण मी तिथे काकूंना वाचवायला गेले नव्हते. मी जिंकायला गेले होते. दुसऱ्या कोणाला हे पटवून देता आलं नाही, पण मला ते ठाऊक होतं.

काकूंना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने वर नेलं. चौघांत माझा नवरा होता. मी मागून वॉकर घेऊन चढत होते. काकू हसत होत्या, म्हणाल्या, "अगं बघ, माझी वरात निघाली." बोलताना त्यांचे शब्द जड व्हायचे, तरी सगळ्यांना कळलं आणि सगळे हसले. वॉकर वर नेऊन मी भिंतीला लावला. त्यानंतर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. वरच्या खोलीत चालायला जागा नव्हती, आणि जिना उतरवून आणायचं तर चार माणसं लागायची. काकू खिडकीशी बसायच्या. खालून जाणाऱ्याजणी हात हलवायच्या, घाईत असल्या की तेही राहून जायचं. मी सकाळी मुद्दाम मागच्या रस्त्याने जायला लागले. नंतर त्याचीही लाज वाटली, म्हणून परत पुढून जायला लागले, मान खाली घालून.

जूनमध्ये आमच्या घराची किंमत कमी केल्याचं कळलं. नवऱ्याने मिठी मारली, म्हणाला, "मानलं यार तुला." मला एकदम रडू आलं आणि तो गोंधळला. मी काकांना सांगणारच नव्हते. पण दुकानात त्यांची गाठ पडली आणि त्यांनी स्वतःच विचारलं. मग म्हणाले, "तिलाही सांगून जा. ती सारखं विचारते, हिचं काय झालं."

मी वर गेले. काकू खिडकीशीच होत्या. आधीपेक्षा बारीक झाल्या होत्या.

"झालं का... कमी?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी काकांना खूण केली. काका स्वयंपाकघरातून साखरेचा डबा घेऊन आले. काकूंनी डाव्या हाताने चिमूट भरली. अर्धी साखर त्यांच्या मांडीवर सांडली. उरलेली त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

मला ते सहन होईना. मी म्हटलं, "काकू, तुमची खोली माझ्यामुळे गेली."

"माहितीये," काकू म्हणाल्या. मग पुढचे शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "तुमचं... तरी झालं ना."

मी तशीच हात पुढे करून उभी होते.

"खा," त्या म्हणाल्या, आणि मी साखर तोंडात टाकेपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिल्या.